आरोग्यकेंद्राची ओळख कोणास असते ?

मराठी भाषेंत ‘देवी काढणें’ असा एक वाक्प्रचार आहे. ज्यांच्या घरीं आजी-आजोबा हयात असतील अशा विद्यार्थ्यांनीं त्यांच्या दंडावरील वाटोळे वण पाहिले असतील. ते या देवी काढल्याचेच होत. रोगाचें नांव देवी, रोगाची अधिष्ठात्री शीतलादेवी, आणि त्या रोगापासून बचाव करणारी लस टोंचण्याच्या क्रियेसही नांव मिळालें तें देवीचेंच. मुंबईस ही लस प्रथम टोंचली गेली ती १४ जून १८०२ रोजीं, ॲना डस्थॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस. व्हिएन्नाहून निघून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा असा मजल दरमजल प्रवास करीत ती लस येथें पोंचली होती. समुद्रापलीकडून आलेल्या या वस्तूस लोकांनीं लागलीच आपलें म्हटलें असें मुळींच नाहीं; तिच्याविषयींचा संशय पुष्कळ वर्षें टिकला. परंतु जेव्हां ती आपली झाली, तेव्हां आपल्या भाषेंतलें नांव धारण करूनच झाली. १९७५ नंतर भारतांत देवीचा संसर्ग उरला नाहीं, व १९८० सालीं जगांतूनच हा रोग नष्ट झाल्याचें जाहीर झालें. लस तीच, सुई तीच. पण ती एका समाजास लवकर कळली व दुसऱ्यास उशिरां, आणि उशिरां कळली त्या समाजाच्या घरांतलीं मुलें अधिक दगावलीं. मनुष्य ज्या जमातींत जन्मतो, जी भाषा बोलतो, ज्या चालीरीतींत वाढतो, त्यांचा आरोग्यसेवेच्या ज्ञानाशीं संबंध असतो काय, आणि असल्यास तो कशा प्रकारचा, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

आजार झाल्यावर, अगर तो होऊं नये म्हणून, मनुष्य ज्या ठिकाणीं पहिल्यानें जातो तेथें मिळणाऱ्या साध्या पण अत्यंत अवश्य अशा सेवांस प्राथमिक आरोग्यसेवा म्हणतात. मुलांना लस टोंचणें, गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण, हिवतापासाठीं रक्ताची परीक्षा, क्षयावरील औषधें, सर्पदंशावरील पहिला उपचार हीं सर्व कामें तींत येतात. आपल्या देशांत या सेवेची आंखणी ज्या समितीनें केली तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे आपल्या नाशिकचे; त्यांचा जन्म तेथें १८७८ सालीं झाला. ही समिती १९४३ सालीं नेमली गेली व १९४६ सालीं तिनें आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाहीं एवढ्याच कारणास्तव कोणाही मनुष्याला योग्य उपचारास मुकावें लागूं नये, हें त्या अहवालाचें मुख्य सूत्र होतें. पुढें १९५२ पासून समूहविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रें उघडूं लागलीं. १९७८ च्या सप्टेंबरांत, तेव्हां सोव्हिएट संघांत असलेल्या आल्मा-आटा या शहरीं १३४ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवा हाच सर्वांना आरोग्य मिळवून देण्याचा मार्ग होय असें त्यांनीं एकमुखानें सांगितलें. सपाट प्रदेशांत तीस हजार लोकवस्तीस व डोंगराळ आणि आदिवासी प्रदेशांत वीस हजार लोकवस्तीस एक केंद्र असावें, त्याखालीं अनुक्रमें पांच हजार व तीन हजारांस एक उपकेंद्र असावें, असें प्रमाणही आपल्याकडे ठरलेलें आहे.

प्रमाण ठरलें, इमारत उठली, तिच्यावर पाटी लागली. परंतु भोर समितीचें सूत्र पैशाच्या अडचणीविषयीं होतें. दुसरी एक अडचण अशी आहे कीं तिच्यापुढें फुकट औषधही निरुपयोगी ठरतें. ती म्हणजे ओळखीचा अभाव.

ओळख म्हणजे केवळ ‘अमक्या गांवीं दवाखाना आहे’ एवढें ठाऊक असणें नव्हे. समजा, मेळघाटांतील धारणी तालुक्यांत एका पाड्यावर एक कोरकू माता राहते. आरोग्यकेंद्राची इमारत तिनें बाजारास जातां येतां शेंकडों वेळां पाहिली आहे. पण तान्ह्या मुलाचा श्वास जलद चालूं लागला व दूध पिण्याचें त्यानें सोडलें, तर हें दुखणें त्या इमारतींत बरें होण्यासारखें आहे, हें तिला माहीत आहे काय ? तेथें पैसे पडत नाहींत हें कोणी तिला सांगितलें आहे काय ? केंद्राची वेळ, उपकेंद्राच्या परिचारिकेचा वार, रात्रीं कोणास हांक मारावी, हें तिला कळलें आहे काय ? आणि सर्वांत महत्त्वाचें, आपण बोललेलें तेथील मनुष्यास समजेल व तो आपल्यावर खेकसणार नाहीं, असा तिला भरंवसा आहे काय ? या प्रश्नांपैकीं एकाचेंही उत्तर ‘नाहीं’ असलें तर ती भुमक्याकडे जाईल. भुमका तिच्या पाड्यांतला, तिच्या भाषेंत बोलणारा, मध्यरात्रीं दार उघडणारा असतो. तापलेल्या लोखंडानें बाळाच्या पोटावर डाग देण्याची घातक रीत मेळघाटांत आढळून आलेली आहे, आणि ती वाचून आपणांस संताप येणें साहजिक आहे. तथापि बाळाच्या पोटीं दुखतें आहे हें पाहून कांहीं तरी केलेंच पाहिजे अशा तळमळीनें ती माता तेथें गेली, हेंही विसरतां कामा नये. आळस किंवा निष्काळजीपणा तिच्या ठिकाणीं नव्हता. तिला ठाऊक असलेल्या जागांत ती सर्वांत जवळच्या जागीं गेली.

आतां भाषेची गोष्ट पाहूं. १९११ सालची नव्हे, तर २०११ सालची जनगणना सांगते कीं महाराष्ट्रांत अनुसूचित जमातींचे लोक सुमारें १ कोटी ५ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या शेंकडा ९.३५ इतके आहेत. यांपैकीं मेळघाटांतील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुलांतली आहे. तिचें नातें दूर पूर्वेकडील संथाळीशीं आहे, मराठीशीं नाहीं. भामरागड व एटापल्लीकडील माडिया, तसेंच गोंडी व यवतमाळकडील कोलामी या द्राविडी कुलांतल्या, म्हणजे तेलुगु-कानडीच्या बहिणी. नंदुरबारकडील भिल्लांच्या बोली आपल्या भाषेस बऱ्याच जवळच्या. पण जवळची भाषा आणि आपली भाषा यांत दुखणें सांगतांना केवढें अंतर पडतें, हें ज्यानें परमुलखांत दांतदुखी सोसली असेल त्याला विचारावें. आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलें असतें मराठींत, आणि तेंही कसल्या मराठींत ! ‘प्रसूतिपूर्व तपासणी’, ‘संदर्भ सेवा’, ‘लाभार्थी’. पुण्याच्या आजीबाईंसही ‘संदर्भ सेवा’ म्हणजे मोठ्या दवाखान्यांत पाठविणें हें सांगावेंच लागेल. गांवांत सगळे ‘थंडीताप’ म्हणतात, भिंतीवर ‘हिवताप’ असतो, आणि डॉक्टर ‘मलेरिया’ म्हणतात. ज्याची मातृभाषा माडिया आहे त्यानें या तिन्हींचा मेळ घालून आपल्या अंगांतल्या कंपाशीं तो जुळवावयाचा ! आणि हा रोग कांहीं लहानसहान नव्हे. आदिवासी आरोग्याविषयीं डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनें २०१८ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. देशाच्या लोकसंख्येंत शेंकडा आठनऊ असलेल्या या लोकांच्या वांट्यास हिवतापाचे शेंकडा ३० रोगी व त्या रोगानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं निम्मे मृत्यु येतात, असें त्यांत नमूद आहे.

गडचिरोली जिल्ह्यांतील दोन उदाहरणें येथें सविस्तर सांगण्याजोगीं आहेत. भामरागड तालुक्यांतील हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं १९७३ च्या डिसेंबरांत लोकबिरादरी प्रकल्प स्थापन केला, व त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि स्नुषा डॉ. मंदाकिनी हे तेथें जाऊन राहिले. औषध होतें, डॉक्टर होते, मोबदला मागावयाचा नव्हता; तरीही आरंभीं रोगी येईनात. माडिया लोक बाहेरून आलेल्या, अंगभर कपडे घातलेल्या माणसास पाहून दूर पळत. बाहेरचा मनुष्य म्हणजे फसविणारा व्यापारी, ठेकेदार अगर जंगलखात्याचा शिपाई, हाच त्यांचा तोंवरचा अनुभव होता. डॉक्टरांनीं माडिया भाषा शिकून घेतली, त्यांच्यांत राहून त्यांची रीत समजून घेतली, आणि मग एकामागून एक रोगी बरा होऊन परत गेला तसतशी ही वार्ता पायवाटांनीं रानोमाळ पसरली. कोणतीही जाहिरात नव्हती. बरा झालेला मनुष्य हीच त्यांची पाटी.

दुसरें उदाहरण डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचें. ती १९८६ सालापासून गडचिरोलीस काम करीत आहे. दवाखान्याच्या जवळ असूनही आदिवासी लोक तेथें कां येत नाहींत, हें त्यांनीं पुस्तकांत न शोधतां त्या लोकांनाच विचारलें. उत्तरें ऐकण्यासारखीं होतीं. मोठ्या इमारतींत आम्ही हरवतों, असें कोणी म्हणालें. आजाऱ्याच्या आप्तांना तुम्ही बाहेर काढतां, मग एकट्यानें त्यानें रात्र कशी काढावी, असें कोणी विचारलें. आणि एक आक्षेप असा निघाला कीं तो कोणाही शहरी मनुष्याच्या स्वप्नांतही आला नसता : तुमचे डॉक्टर व परिचारिका पांढरें वस्त्र नेसतात; आमच्यांत पांढऱ्या वस्त्रांत प्रेत गुंडाळतात; अशा वेषांतल्या माणसांच्या हातीं आम्ही जीव कसा द्यावा ? आपण पांढऱ्या अंगरख्यांत स्वच्छता पाहतों, ते त्यांत मरण पाहत होते. दोघेही पाहत होते तें एकच वस्त्र. तेव्हां शोधग्राम येथें जें इस्पितळ उभें राहिलें तें आदिवासी खेड्यासारखें, सुट्यासुट्या झोंपडीवजा घरांचें, आप्तांना रोग्यापाशीं राहतां येईल असें. आणि त्यास नांव दिलें तें त्या लोकांच्या देवीचें, मां दंतेश्वरीचें. आपल्या पूर्वजांनीं लसीस देवीचें नांव दिलें होतें, त्याची येथें सहज आठवण होते.

याच संस्थेच्या एका पाहणींत खेड्यांतील साडेसहाशें स्त्रिया तपासल्या गेल्या. तिचे निष्कर्ष १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाले. शेंकडा ९२ स्त्रियांना स्त्रियांच्या विकारांपैकीं कोणता ना कोणता विकार होता, आणि पूर्वीं त्यासाठीं कधीं तरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेंकडा अवघ्या ८. उरलेल्या सर्व स्त्रिया तें दुखणें अंगावर काढीत शेतांत राबत होत्या. बाईच्या जन्माला आलें कीं हें सोसावयाचेंच, अशी त्यांची समजूत. ज्या दुखण्यास दुखणें असें नांवच नाहीं, त्यावर औषध असतें हें कळणार तरी कसें?

पुढें याच जिल्ह्यांत ३९ गांवांतून गांवच्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून तयार करण्यांत आलें. नुकत्याच जन्मलेल्या बाळास व बाळंतिणीस घराबाहेर काढावयाचें नाहीं, ही तेथील दृढ चाल. ती मोडण्याच्या वादांत न पडतां आरोग्यदूतच घरांत गेली. तिनें बाळाचें वजन केलें, त्याला ऊब दिली, श्वास मोजला, जंतुदोषाचीं चिन्हें ओळखून औषध दिलें, आणि आईला व सासूला हीं चिन्हें ओळखावयास शिकविलें. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजात बालकांच्या मृत्यूचें प्रमाण, शेजारच्या इतर गांवांशीं ताडून पाहतां, शेंकडा ६२ नें घटलेलें आढळलें. ही हकीकत १९९९ सालीं प्रसिद्ध झाली व तिच्या आधारानें पुढें देशभर अशा गृहभेटी सुरू झाल्या. लेखकाच्या मतें या सर्व कथेंत सर्वांत मोलाची व्यक्ति सासू ही होय. कारण बाळाला दवाखान्यांत न्यावयाचें कीं नाहीं, हा निर्णय पुष्कळ घरांतून तिच्याच हातीं असतो, आणि तरीही आपल्या आरोग्यखात्याचे बहुतेक उपदेश आईलाच उद्देशून लिहिलेले असतात.

कोणी म्हणेल, हे लोक अडाणी म्हणून असें झालें. अशांनीं आपल्याच शहराचा इतिहास उघडून पाहावा. १८९७ सालीं पुण्यास ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची सांथ होती. गोरे सोजीर घरांत शिरून झडती घेत, आजारी मनुष्यास उचलून नेत, त्याच्या घरच्यांस वेगळ्या छावणींत ठेवीत. तेव्हां शास्त्री, सावकार, वकील, कारकून, सगळेच इस्पितळाच्या नांवानें थरथर कांपत व रोगी लपवून ठेवीत. इस्पितळ म्हणजे परत न येण्याची जागा, असें पुण्यांतल्या शिकलेल्या लोकांस वाटत होतें, आणि तें केवळ अज्ञानानें नव्हे. तसा त्यांचा अनुभव होता. त्याच सांथींत सावित्रीबाई फुले आजारी मुलास उचलून आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत घेऊन गेल्या, त्यांना रोगाची लागण झाली व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. दवाखाना सरकारी छावणींत होता म्हणून भीति, व आपल्या माणसाच्या हातीं होता तेथें विश्वास, असा हा भेद होता. भीति ही पुष्कळदां अनुभवानेंच शिकलेली असते, आणि जी शिकलेली आहे ती त्याच मार्गानें, म्हणजे अनुभवानेंच, विसरली जाते.

शिवाय हा प्रकार केवळ आपल्याच रानांत घडतो असेंही नाहीं. इंग्लंडांत ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. प्रत्येक रहिवाशास घराजवळच्या वैद्यापाशीं आपलें नांव नोंदवितां येतें व उपचारास पैसे पडत नाहींत. त्याच सुमारास वेस्ट इंडीज, पंजाब, गुजरात, पूर्व बंगाल येथून लोक तिकडे जाऊं लागले, आणि भारतीय डॉक्टरही पुष्कळ संख्येनें त्या सेवेंत शिरले. तरीसुद्धां नव्यानें आलेल्या स्त्रियांना, विशेषतः ज्यांचा घराबाहेर वावर कमी त्यांना, या सेवेचे पुष्कळ दरवाजे ठाऊक नसत. ग्लासगो शहरीं १९६० च्या सुमारास दक्षिण आशियांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांत मुडदूस आढळूं लागला. त्या ढगाळ मुलखांत ऊन कमी, त्यांतून अंग झांकून घरांत राहण्याची रीत, आणि जीवनसत्त्व ‘ड’ मिळविण्याचे जे मार्ग तेथील मुलांना अंगवळणीं पडले होते ते यांना माहीत नव्हते. १९८१ सालीं मुडदुसाविरुद्ध व १९८४ सालीं आशियाई माता-बालकांसाठीं अशा मोहिमा तेथील सरकारास काढाव्या लागल्या. दुसऱ्या मोहिमेंत दोन्ही भाषा जाणणाऱ्या स्त्रिया दुवा म्हणून नेमल्या होत्या.

लेस्टर शहरांत झालेला एक प्रयोग मात्र प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळीं ओळखण्याची एक सोपी चाचणी असते. ती न झालेल्या सातशेंहून अधिक आशियाई स्त्रिया निवडल्या. कांहींना कांहींच कळविलें नाहीं. कांहींना त्यांच्या भाषेंत छापलेलें पत्रक टपालानें पाठविलें. कांहींच्या घरीं त्यांची भाषा बोलणारी व्यक्ति प्रत्यक्ष गेली. पहिल्या गटांतील शेंकडा ५ स्त्रियांनीं चाचणी करून घेतली. पत्रक मिळालेल्यांपैकीं शेंकडा ११ जणींनीं. आणि ज्यांच्या घरीं कोणी गेलें त्यांपैकीं शेंकडा पंचविसांहून अधिक जणींनीं. १९९१ सालीं हे आंकडे प्रसिद्ध झाले. भाषांतर केलें म्हणजे काम झालें, असें मानणाऱ्यांस यांत उत्तर आहे. पत्रक मातृभाषेंत होतें, पण तें वाचून मनांतली शंका विचारावयाची कोणाला ?

येथें एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे, नाहीं तर या लेखाचा विपर्यास होईल. जमातीमुळें ज्ञानांत फरक पडतो म्हणजे रक्तांत कांहीं उणें असतें असें नव्हे. गोंड शिक्षकाच्या घरीं लसीचें पत्रक जपून ठेवलेलें असतें, आणि मुंबईच्या उंच इमारतींत राहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थास आपल्या वस्तींतल्या सरकारी दवाखान्याचा पत्ताही ठाऊक नसतो. जमात, दारिद्र्य, शाळेचा अभाव व अंतर हीं सर्व एकमेकांत गुंतलेलीं असतात. म्हणून अशा पाहण्या करणारे विद्वान् शिक्षण व मिळकत सारखी असलेलीं माणसें निरनिराळ्या जमातींतून घेऊन त्यांची तुलना करतात. तसें केल्यावर भेद पुष्कळदां कमी होतो. परंतु पुष्कळदां तो अगदींच नाहींसाही होत नाहीं. जें उरतें तें भाषा, पूर्वानुभव व वागणूक यांचें फल. रायगड-ठाण्याकडील कातकरी कुटुंबांचेंच पाहा. पाऊस संपला कीं तीं वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. बाळाला पहिली लस मिळाली ती गांवांत, दुसरीच्या वेळीं तें भट्टीवर. लसीचें पत्रक दाखविलें असतां कोणत्याही आरोग्यकेंद्रांत पुढची लस फुकट टोंचून मिळते; पण ‘आपलें केंद्र तें गांवचें, हें दुसऱ्यांचें’ अशी समजूत असते, आणि भट्टीवरून एक दिवस सुटी मिळावयाची मारामार. येथें अज्ञान थोडें व अडचण फार आहे.

उलट कांहीं सेवा अशा असतात कीं ज्यांना त्या सर्वांत अधिक हव्यात त्यांनाच त्या ठाऊक नसतात. सिकल सेल नांवाचा रक्ताचा विकार आईबापांकडून मुलांकडे येतो. १९५२ सालीं निलगिरीच्या आदिवासींत तो प्रथम आढळला, आणि आपल्याकडे गडचिरोली व नंदुरबार या भागांत तो विशेष आहे. सांधे दुखणें, वारंवार ताप, फिकटपणा हीं त्याचीं चिन्हें. शाळेंत असा मुलगा ‘आळशी’ ठरतो, खेळांत मागें पडतो. २०२३ सालीं या रोगाच्या निर्मूलनासाठीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून रक्ताची तपासणी फुकट होते. तसेंच क्षयाच्या रोग्यास औषधांखेरीज पोषणासाठीं दरमहा रक्कम मिळते. २०१८ पासून ती पांचशें रुपये होती, १९२४ साल नव्हे तर २०२४ च्या नोव्हेंबरांत ती हजार झाली. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषधें, बाळंतिणीचें जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी हें सर्व विनामूल्य आहे. हीं वाक्यें वाचावयास सोपीं. पण जिच्यासाठीं लिहिलीं तिला तीं कोणी तिच्या बोलींत वाचून दाखविलीं पाहिजेत.

हें काम कोणीं करावें, याचें एक उत्तर जामखेडनें दिलें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं तेथें गांवोगांवच्या स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून शिकविलें. त्यांतल्या पुष्कळ निरक्षर व कित्येक दलित होत्या. आरंभीं ज्यांच्या हातचें पाणी कोणी घेत नसे, त्यांच्या हातीं पुढें गांवच्या बाळंतिणी निर्भयपणें विसावूं लागल्या. २००५ सालीं देशभर ‘आशा’ सेविका नेमल्या गेल्या त्यांच्यामागें असेच अनुभव होते. सामान्यतः हजार वस्तीस एक, व आदिवासी प्रदेशांत प्रत्येक पाड्यास एक, आणि तीही त्याच वस्तींतली असावी असा नियम. नियमाचा प्राण शेवटच्या अटींत आहे. पाड्याबाहेरची, भाषा न जाणणारी आशा नेमली तर वही भरते, पण वार्ता पोंचत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मराठीवांचून दुसरी भाषा बोलतात, अशा विद्यार्थ्यांवर एक काम नकळत येऊन पडतें. आईबरोबर दवाखान्यांत जावयाचें व दुभाष्याचें काम करावयाचें. दहाबारा वर्षांचा मुलगा तें मोठ्या हौसेनें करतो. परंतु आई आपल्या मुलासमोर स्त्रियांचीं दुखणीं उघड बोलत नाहीं, आणि मुलगाही न समजलेला शब्द गाळून टाकतो. मग डॉक्टरांस अर्धीच हकीकत कळते. म्हणून पालकांनीं अशा वेळीं आशा किंवा उपकेंद्राची परिचारिका यांना बरोबर घ्यावें, आणि मुलाकडे सोंपवावयाचेंच तर साधें काम सोंपवावें : औषधाची पुडी केव्हां, किती, जेवणाआधीं कीं नंतर, हें विचारून घरच्या भाषेंत कागदावर उतरून ठेवणें.

आणखी एक बारीकशी गोष्ट. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां आजाऱ्यासाठीं गाडी फुकट येते. पलीकडचा मनुष्य प्रथम जागा विचारतो. कांहीं पाड्यांना दोन नांवें असतात, एक सरकारी दप्तरांतलें व एक लोकांच्या तोंडचें; घाबऱ्या मनानें तोंडचेंच नांव सांगितलें जातें आणि गाडी भलत्याच फांट्यावर जाऊन उभी राहते. आपल्या पाड्याचीं दोन्हीं नांवें, जवळच्या शाळेचें नांव व डांबरी सडकेपासूनचें अंतर घराच्या दाराआंत खडूनें लिहून ठेवलेलें असावें. हें लिहावयास चौथी इयत्तेंतल्या मुलासही पांच मिनिटें पुरतात.